कचरा आहे का कचरा?

पुण्यातल्या माणसाचा कचऱ्याशी संबंध तो घराबाहेर काढण्यापुरता. ओला एका डब्यात, सुका दुसऱ्यात आणि दोन्ही डबे आपल्या दारापेक्षा शेजारच्यांच्या दाराला जरा जवळ, एवढं जमलं की नागरी कर्तव्य संपलं. पुढे तो कुठे जातो हे उरुळी-फुरसुंगीच्या लोकांनी गाड्या अडवल्या की पेपरात कळतं. सोसायटीच्या मागच्या बाजूला गांडूळखताचा हौद असतो, पण तो मिळकतकरातल्या ५ ते १० टक्के सवलतीसाठी बांधलेला असल्यामुळे त्यात गांडुळांनी राहावं अशी कुणाची अपेक्षा नसते. मग हाच माणूस निवृत्त होतो, फंडाचा चेक वठतो, भाटघरच्या पाण्याकाठी दहा-पंधरा गुंठे घेतले जातात आणि कात्रजचा बोगदा मागे पडला की त्याला अचानक कचऱ्याची भूक लागते. कापूरहोळला चहा पिता पिता तो टपरीवाल्याला विचारतो, "इकडे कचरा कुठे मिळेल हो?"

टपरीवाल्याला वाटतं, हा आपल्या टपरीबद्दल बोलतोय.

तसं भाटघरला काय कमी आहे? वेळवंडी नदीवरचं, १९२८ च्या सुमारास पुरं झालेलं धरण आहे. इंग्रजांनी त्याला गव्हर्नर लॉइडचं नाव दिलं, जलाशय आता येसाजी कंकांच्या नावाने ओळखला जातो. भिंतीमागे साडेतेवीस टीएमसी पाणी, आणि वर वेल्ह्याच्या अंगाला, म्हणजे आता कागदोपत्री राजगड तालुक्याच्या अंगाला, नुसते डोंगर. पाणी मात्र नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसला जातं आणि तिथे त्याची साखर होते. हे दुःख भोरकर इतक्या पिढ्या सांगत आले आहेत, की आता ते तक्रार केल्यासारखं नाही, पत्ता सांगितल्यासारखं सांगतात. पुण्याचे लोक येतात ते पाणी बघायला. मे महिन्यात ते इतकं मागे सरतं, की दलालाने दाखवलेल्या 'लेक व्ह्यू'मध्ये लेक शोधायला दुर्बीण लागते. कांबऱ्याचं एरवी पाण्याखाली असलेलं देऊळ तेवढं वर येतं, आणि मग ते बघायला आणखी पुणेकर येतात.

आमच्या शेजारच्या प्लॉटवरचे काका हे या मंडळींतलं सर्वांत अभ्यासू प्रकरण. उभा जन्म त्यांनी कारखान्यात उत्पादन विभाग सांभाळला. कच्चा माल, प्रक्रिया, तयार माल, नासाडी किती टक्के, या चार खान्यांत न बसणारी गोष्ट जगात असते यावर त्यांचा विश्वास नाही. इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी जाहीर केलं की आपण खत घरी करणार. पुण्यात कंपोस्टची कार्यशाळा करून आले होते. तिथे प्रमाणपत्र मिळालं होतं आणि काकूंनी ते कौतुकाने फ्रिजवर चिकटवलं होतं. तयार माल ठरला होता, प्रक्रिया पाठ होती. अडलं ते कच्च्या मालापाशी.

कारण या गावात कचरा नावाची वस्तू नाही. शेण शेताला आणि गोवरीला. भाताचा पेंढा बैलाला. गिरणीतलं तूस पोल्ट्रीवाला पोत्यांनी उचलतो. चुलीतली राख भांड्यांना, उरलेली वांग्यांवर भुरकवायला. शिळी भाकरी कुत्र्याला, भाजीची देठं शेळीला, शेळीने सोडलेलं कोंबडीला, आणि कोंबडी काहीच सोडत नाही. एवढ्यातूनही काही उरलं तर ते दारामागच्या उकिरड्यावर जातं, आणि त्या उकिरड्यावर ज्याचं घर त्याचा सातबाऱ्याइतका पक्का हक्क असतो. काकांनी पहिल्याच आठवड्यात वाटेकडेच्या एका उकिरड्यातलं अर्धं घमेलं 'नमुना म्हणून' उचललं. संध्याकाळपर्यंत तीन वेगवेगळ्या घरांतून आमच्या प्लॉटांच्या वॉचमनकडे चौकशी आली होती. सायेब उकिरडा कशाला चोरत्यात?

मग काका पाल्याकडे वळले. डोंगरावर साग आहे, ऐन आहे, हिरडा आहे, जांभूळ आहे, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये खाली पाचोळ्याचा खच पडतो. फुकटचा कार्बन! काका दोन पोती आणि दाताळं घेऊन निघाले. अर्ध्या वाटेत एक आबा विळा घेऊन उभे होते.

"काय काका, कुनीकडं?"

"पालापाचोळा गोळा करतोय. खताला."

"आवं, त्यो राबाचा हाय."

"कुणाचा?"

"कुनाचा न्हाय. राबाचा."

राब ही भानगड पुणेकराला समजावून सांगावी लागते. या उतारावर भात हे एकच पीक मनापासून येतं. आता सगळीकडे इंद्रायणी, थोडा आंबेमोहोर घरच्यापुरता. रोप ज्या तुकड्यात करायचं तिथे उन्हाळ्यात शेणाचा चुरा, वर फांद्यांचा टहाळ, त्यावर पालापाचोळा, गवत आणि शेवटी मातीचा हात, असे थर रचून ते पेटवून देतात. तणाचं बी जळतं, राख जमिनीला मिळते, माती भुसभुशीत होते, आणि पावसाला सुरुवात झाली की त्यात टाकलेल्या धानाचा तरवा तरारून येतो. त्यासाठी बायका उन्हाळाभर डोक्यावर पाल्याचे भारे वाहत असतात. कुठला उतार कुणाच्या राबाचा, हे लिहिलेलं कुठेच नाही आणि माहीत नाही असा माणूस गावात नाही.

काकांना हे पटेना. पाला जाळणं म्हणजे प्रदूषण, नत्राचा नाश, वगैरे त्यांनी आबांना तिथेच ऐकवलं. तत्त्वतः काकांचं बरोबर होतं. कृषी खात्याची माणसंही राब भाजू नका असंच सांगतात. डॉ. नारायण सावंतांनी भातासाठी जी चारसूत्री पद्धत घालून दिली, तिचं पहिलं सूत्र तूस-पेंढ्यासारखे भाताचे अवशेष शेताला परत देण्याचं आणि दुसरं गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलात गाडण्याचं आहे. पण ज्याच्या बापजाद्यांनी राबावर भात काढला त्याला भर मार्चच्या उन्हात, डोंगरात, पाल्याचं पोतं हातात धरून हे सांगायला जी हिंमत लागते ती फक्त कार्यशाळेतून येते. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. पन पोतं हितंच ठिवा."

आणि या पाल्याला कमी लेखू नये. गेल्या शतकाच्याही आधी ठाणे-कुलाब्याकडे राबाला टहाळ तोडायचा हक्क आहे की नाही, यावरून शेतकरी आणि इंग्रजांचं जंगल खातं यांच्यात एवढी जुंपली की १८८५ साली सरकारला आयोग नेमावा लागला. साम्राज्यावर तेव्हा सूर्य मावळत नव्हता, पण पाचोळ्याचा निकाल लावायला माणसं बसवावी लागली होती. आबांना आयोगाबद्दल काही ठाऊक असण्याचं कारण नाही. तरी त्यांच्या उभं राहण्यात त्या आयोगाची दोन-चार कलमं होती.

काकांकडे स्वतःची हिरवळ होती, म्हणजे लॉन. ती कापली की गवत निघायचं, तेव्हा निदान तेवढा माल हातात होता. पण कापलेलं ओलं गवत ढिगावर टाकलं की त्याचा चिकट थापा होतो, आत हवा जात नाही आणि तिसऱ्या दिवशी काकू स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतात. शिवाय मुळात गवत कापून कुजवायचं, ही कल्पनाच वॉचमनच्या आईला झेपली नाही. तिने कुंपणापलीकडून बराच वेळ ते बघितलं आणि विचारलं, "ह्यांच्याकडं म्हस न्हाय, तर गवात का लावलंय?" या प्रश्नाला माझ्याकडेही उत्तर नाही. आमच्याकडेही लॉन आहे.

शेवटी काकांनी तोडगा काढला तो असा. पुण्यात अदिती देवधरांनी 'ब्राऊन लीफ' नावाची चळवळ चालवली आहे. ज्याच्याकडे वाळका पाला आहे आणि ज्याला तो हवा आहे, अशा दोघांची गाठ घालून द्यायची, म्हणजे पाला जळत नाही आणि कचरागाडीत जात नाही. उत्तम कल्पना आहे, आणि कोथरूड-औंधच्या गच्च्यांवर तिने पुष्कळ माती तयार केली आहे. काकांच्या हातात ती आल्यावर मात्र आंतरतालुका झाली. आपल्याच सोसायटीतला आंब्या-बदामाचा पाला पोत्यांत दाबून, गाडीच्या डिकीत, मागच्या सीटवर आणि काकूंच्या पायाशी ठेवून, तो पन्नासेक किलोमीटर भाटघरला येऊ लागला. सह्याद्रीच्या जंगलाच्या कडेला राहणारा माणूस पुण्याहून पाचोळा आणतो, ही बातमी धरणाच्या दोन्ही काठांना पोचायला वेळ लागला नाही. खेड शिवापूरच्या नाक्यावर एकदा गाडी बाजूला घ्यायला लावून पोत्यात काय आहे विचारलं. काका खरं सांगत होते, म्हणून जास्त वेळ लागला.

कार्बन झाला. आता नत्र.

इथे थोडं गणित आहे, पण ते काकांच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐकलेलं बरं. ढीग कुजवणाऱ्या जिवाणूंना साधारण तीस भाग कार्बनला एक भाग नत्र लागतं. वाळक्या पाल्यात हे प्रमाण पन्नास-साठाला एक किंवा त्याहून विरळ असतं, म्हणून नुसता पाला वर्षभर पडून राहतो आणि वर्षानेही पालाच दिसतो. कोंबडीच्या शिटेत ते दहाला एकच्या आसपास. शेणखतात नत्र अर्धा टक्का, कोंबडीखतात तीन टक्क्यांपर्यंत. याचं कारण कोंबडीच्या शरीररचनेत आहे. तिच्याकडे दोन कामांना दोन वाटा नाहीत. शिटेवर जो पांढरा टिळा दिसतो ती तिची लघवी, युरिक ॲसिडच्या रूपात, आणि माल बराचसा त्यातच. म्हणून ताजी शीट रोपाच्या बुडाशी टाकली तर रोप जळतं, पालेभाजीला तर कच्ची लावूच नये, रोगजंतूंचा धोका असतो. पण पाल्यात मिसळली की ढीग दोन-तीन दिवसांत असा तापतो की आतलं तापमान साठ अंशांवर जातं, आणि त्यात जंतूही मरतात, तणाचं बीही मरतं.

तर नत्र हवं, म्हणून काका जवळच्या पोल्ट्रीवर गेले. ब्रॉयलरची शेड. खाली तुसाची गादी, तिच्यावर चाळीसेक दिवस पक्षी, पक्षी गेले की गादी खरवडून पोती भरतात. काकांना वाटलं होतं, घाण न्यायला आलेल्या माणसाचं स्वागत होईल, कदाचित भाडंही देतील. मालकाने वही काढली. पुढच्या बॅचचं बुकिंग झालेलं होतं, त्याच्या पुढच्याही बॅचचं.

"कोण नेतं एवढं?"

"खालचे. बारामती, फलटन. उसाला."

काका घरी आले ते मूग गिळून. रात्री जेवताना काकूंना म्हणाले, "धरणाचं पाणी नेलं ते समजू शकतो." पुढचं त्यांना बोलवेना.

अशा रीतीने काकांनी कोंबड्या पाळायचं ठरवलं. अंड्यांसाठी पाळतात, मटणासाठी पाळतात, झुंजीसाठी कोंबडे पाळतात. शिटेसाठी कोंबडी पाळणारा भोर तालुक्यातला पहिला माणूस म्हणून काकांची नोंद व्हायला हरकत नाही. एक्सेलमध्ये हिशोब मांडला गेला. एक कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम, दहा कोंबड्या एक किलो, महिन्याला तीस, त्यात पाऊण भाग पाणी. खालच्या ओळीत अंडी 'उपउत्पादन' म्हणून दाखवली होती.

कोंबड्या वॉचमनच्या आईकडून आल्या, आणि अर्धलीवर आल्या. अर्धल म्हणजे जनावर तिचं, सांभाळ तुमचा, पिल्लं निम्मी-निम्मी. शेळी अशी देतात, गाय देतात, कोंबडीही देतात. काकांनी अटी लिहून काढायला कागद घेतला तेव्हा आजी म्हणाली, "कागुद कशाला? मी हाय न्हवं हितं." दहा कोंबड्या आणि एक कोंबडा. कोंबडा अर्धलीत नव्हता, तो 'नुसता संगं' आला होता. हे वाक्य तेव्हा कुणी नीट ऐकलं नाही.

खुराडं मात्र काकांनी देखणं बांधलं. जाळीचा तळ, खाली सरकता पत्र्याचा ट्रे, ट्रेला दोन्हीकडे कड्या. योजना अशी, की कोंबड्या वर बसणार, माल खाली पडणार, सकाळी ट्रे ओढायचा आणि वजन करायचं. पण कोंबडी गावरान होती. तिने कार्यशाळा केलेली नव्हती. पहिल्या संध्याकाळी सगळ्या जणी जाऊन बसल्या त्या आंब्यावर, आणि आंब्याखाली काकांची गाडी होती. नंतर रात्रीपुरत्या त्या खुराड्यात जायला शिकल्या, पण दिवसाचं उत्पादन स्वतःच्या मर्जीने वितरित करत राहिल्या. पायरीवर, झोपाळ्यावर, तुळशीच्या कठड्यावर, पेपर वाचून घडी करून ठेवलेला असेल तर त्याच्यावर. लॉनवर कधीही नाही, कारण तिथे जरा उपयोग झाला असता. काका एक लहान खुरपं आणि श्रीखंडाचा रिकामा डबा घेऊन दिवसभर त्यांच्या मागे फिरत. ताजी शीट उचलायची नसते, तासभर उन्हात वाळू द्यावी, मग अख्खी निघते, हे त्यांनी शोधून काढलं आणि मला बोलावून दाखवलं. खुरप्याचं टोक कडेने हलकेच आत घालायचं, मनगट वळवायचं, आणि फरशीवर डाग न ठेवता ती डब्यात. हा माणूस पूर्वी मायक्रोमीटरने माप घेत असे. ते कौशल्य वाया गेलेलं नाही.

काकूंनी दरम्यान कोंबड्यांना नावं दिली, आणि तिथेच उपउत्पादनाच्या पुढची वाट बंद झाली. रविवारी पुण्याहून येणारे पाहुणे अंगणाकडे बघून "वा, गावरान!" म्हणत चटकन खुर्ची पुढे ओढायचे, तेव्हा काकू ओळख करून द्यायच्या, "ही सगुणा, ती ठकू." नावाने हाक मारलेल्या प्राण्याचा रस्सा मराठी माणसाला जात नाही. पाहुणे मुकाट्याने मटकीची उसळ खाऊन परतायचे. एक कोंबडी मुंगसाने नेली, तेव्हा आजी येऊन नीट मोजणी करून गेली आणि जाताना म्हणाली, "ग्येली ती तुमच्या वाट्यातली."

ढीग रचला तो काकांनी शास्त्राप्रमाणे. मीटरभर लांब, मीटरभर रुंद, तेवढाच उंच, कारण त्याहून लहान ढिगात उष्णता टिकत नाही. पाल्याचा थर, शिटेचा थर, उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या जलाशयातून आणलेल्या गाळाचा हात, पाणी, पुन्हा पाला. ओल किती, तर मुठीत पिळल्यावर एक-दोन थेंब पडावेत एवढीच. संध्याकाळी तो चौकोन बघायला मलाही बोलावलं. ओळंबा लावला असता तर चुकला नसता.

सकाळी तिथे चौकोन नव्हता. सगळ्या पक्ष्यांनी पहाटेपासून मन लावून काम केलं होतं. कोंबडीला ढीग दिसला की ती त्यात दोन पायांनी मागे उकरते, एक पाऊल मागे सरकून बघते आणि पुन्हा उकरते. पाल्याखालच्या ओलीत किडे येतात, हे तिला कुठल्याही कार्यशाळेवाचून माहीत असतं. पुण्याचा पाला आंब्यापासून विहिरीपर्यंत सारखा पसरला होता. त्या दृश्यात एक न्याय होता. मालही तिचा, उधळणीही तिची. काकांनी पुन्हा रचला, त्यांनी पुन्हा पसरला. मग कोंबड्यांना जाळी लावायची का ढिगाला, यावर घरात दोन मतं पडली. काकू कोंबड्यांच्या बाजूने होत्या, म्हणून जाळी ढिगाला लागली.

त्यानंतर वास सुरू झाला. नाकात झोंबणारा, डोळ्यांतून पाणी काढणारा. काकांनी पुस्तकं काढली, थर्मामीटर आणला, नोंदी तपासल्या. आजी कुंपणाशी आली, एकदा हुंगलं आणि म्हणाली, "शीट जास्ती झाली. पाला घाल." पुस्तकातही तेच निघालं, फक्त तेरा पानांनंतर. नत्र जास्त झालं की ते अमोनिया होऊन उडून जातं, वर कार्बन घालावा. आजी पुढे म्हणाली की ढीग हलवला पाहिजे, त्याचा जीव गुदमरतोय. पुस्तकात याला वायुवीजन म्हटलं होतं. ढीग फावड्याने उलटला तेव्हा आतून वाफ उसळली आणि काकांच्या चष्म्यावर बसली. आतला पाला काळपट झाला होता, पांढऱ्या बुरशीचे धागे त्यातून गेलेले, आणि हात आत घालून धरवत नव्हता. आजीने घातला. म्हणाली, "लागलाय."

काकांना हे आपल्याला कुणी आधी का सांगितलं नाही याचं दुःख होतं. त्यांना मी सांगितलं की सांगितलेलं आहे. ज्या काळात भाटघरची भिंत वर चढत होती, साधारण त्याच सुमारास, १९२४ ते १९३१ या वर्षांत, इंदूरच्या संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड नावाचा इंग्रज कंपोस्टचे ढीग लावत बसला होता. शेतकरी आणि किडी हेच आपले प्राध्यापक, असं म्हणणारा माणूस. १९३१ साली त्याचं पुस्तक निघालं, त्यावर सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचं नाव आहे. पुढे जगभर सेंद्रिय शेतीवाले हॉवर्डचं नाव घेऊ लागले, तो 'सर' झाला, आणि वाडांचं नाव मुखपृष्ठावर राहिलं. ढिगात कुणी किती फावडी मारली याची नोंद कुणी ठेवली असती तर बरं झालं असतं, असं मला उगाच वाटतं. आणि हॉवर्ड नको असेल तर आपले पुसदचे नाडेपकाका, नारायण पांढरीपांडे, आहेतच. दहा फूट लांब, सहा रुंद, तीन उंच असा विटांचा हौद, भिंतीत हवेसाठी भोकं ठेवायची, पाला, शेणकाला आणि माती असे थर भरायचे, वरून लिंपून टाकायचं, की तीन-चार महिन्यांत खत तयार. शेण थोडंसंच लागतं, हे त्यातलं मर्म. ही पद्धत सरकारने उचलली, रोजगार हमीत घेतली.

काका मोहरले. वीट, भोकं, मापं! असा हौद कुठे बघायला मिळेल म्हणून आम्ही दोघं आसपासच्या वाड्यांवर फिरलो. हौद होते. एकात सरपण रचलेलं, एकात शेळीची करडं, एकाच्या भोकांतून दोऱ्या ओवून वर कपडे वाळत घातलेले. एकात खरोखरच खत होतं, काळंभोर आणि भुसभुशीत, आणि मालक त्याच्याबद्दल बोलायलाच तयार नव्हता. आम्ही मागायला आलोय असं त्याला वाटलं. काकांबद्दल त्याच्या कानावर आलेलं होतं.

काकांचा ढीग तयार झाला तो उन्हाळा संपता संपता. वळवाची एक सर पडून गेली होती. पाला ओळखू येत नव्हता, आंब्याच्या पानांच्या शिरा तेवढ्या जाळीसारख्या राहिल्या होत्या, वास मातीचा येत होता. काकांनी चाळणी लावली, वजनकाटा मांडला, पोत्यांवर तारखा लिहिल्या. पहिलं पोतं भरतं न भरतं तोच आजी पाटी घेऊन हजर झाली. मागे सून, तिच्या डोक्यावर दुसरी पाटी.

"माजा वाटा न्ह्यायला आले."

"वाटा? अहो आजी, वाटा पिल्लांचा ठरला होता."

"कोंबड्या कशावं दिल्या?"

"अर्धलीवर."

"मंग त्यांचं जे काय निघंल ते अर्धलीवरच न्हवं? का पिल्लू तेवढं माजं आन् शीट तुमची?"

काकांनी तिला समजावलं की खतात शीट थोडी, पाला जास्त, आणि पाला पुण्याचा, आपल्या पेट्रोलने आणलेला. तेव्हा वजनाने बघितलं तर तिचा भाग फार थोडा होतो. आजीने शांतपणे विचारलं, "शीट नसती तर कुजला आसता का?" नत्राच्या हिशोबाने बघायचं म्हटलं तर हा मुद्दा बिनतोड होता आणि काकांनी तो स्वतःच अनेकदा मांडलेला होता. ते अर्ध्यावर यायला तयार झाले.

"आर्ध्यावर कसं? कोंबडा माजाच हाय. त्यो अर्धलीत न्हवता. त्याचं समदं माजं."

"पण आजी, ढिगात कोंबड्याची कुठली आणि कोंबड्यांची कुठली, कळणार कसं?"

"मला वळाकतीय."

काका लॅपटॉप आणायला आत गेले. प्रतिपक्षी सरासरी काढून कोंबड्याचा हिस्सा वेगळा करता येईल असं त्यांचं म्हणणं होतं, आणि मुंगसाने नेलेल्या कोंबडीचे दिवस वजा करायचे की नाही हा उपप्रश्न होता. ते बाहेर येईपर्यंत आजीची पाटी भरून झाली होती आणि सुनेची शीग लागत आली होती. तिने मूठभर खत हातात घेऊन त्यातली न कुजलेली शीर बोटाने बाजूला काढली आणि माझ्याकडे वळली.

"पुडल्या खेपंला त्यास्नी म्हनावं आंब्याचा पाला आनू नगा, लौकर कुजत न्हाय. तुमच्या सोसायटीत दुसरं कंचं झाड हाय?"